शासनमान्य, वर्ग ‘ड’

परभणी जिल्ह्यातल्या कुठल्याही खेड्यात जाऊन ‘तुमचं वाचनालय कधी निघालं?’ असं विचारलं, तर तीन सालं ऐकायला मिळतात. एक पाटीवरचं, एक धर्मादाय कार्यालयातल्या कागदावरचं आणि एक पारावरच्या म्हाताऱ्यांचं. पाटी रंगवली ते पहिलं, सात सह्या पडल्या ते दुसरं, आणि गावात कुणीतरी पहिल्यांदा वर्तमानपत्र मोठ्यानं वाचून दाखवलं ते तिसरं. अनुदान मागताना दुसरं सांगायचं, रौप्यमहोत्सव करायचा असला की पहिलं, आणि शेजारच्या गावाशी भांडण निघालं की तिसरं.

आमच्या गावाचं नाव मी सांगत नाही. दुधनेच्या अंगाला, काळ्या रानात आहे, एवढं पुरे. नाव सांगितलं तर तपासणी लागेल. नाही सांगितलं तर परभणी, जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम आणि पूर्णा या नऊही तालुक्यांतल्या लोकांना ते आपलंच गाव वाटेल, आणि त्यात त्यांची फारशी चूक होणार नाही.

म्हाताऱ्यांचा इतिहास निजामापासून सुरू होतो. परभणी तेव्हा हैदराबाद संस्थानात. कचेरी उर्दूत, वरचं शिक्षण उर्दूत. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघालं तेही उर्दूतच. सभा घ्यायची म्हटलं की ‘गश्ती निशान त्रेपन्न’ नावाचं फर्मान आडवं यायचं, परवानगीवाचून सभा नाही. आता सभा कशाला म्हणायचं, हे ठरवणार पोलीस. पोथी ऐकायला माणसं बसली तर चालतं आणि वर्तमानपत्र ऐकायला तीच माणसं त्याच जागी बसली तर चालत नाही. म्हातारे सांगतात, मारुतीच्या देवळात वरून पोथी आणि आतून वर्तमानपत्र असायचं. अध्याय लांबला की समजायचं, बातमी मोठी आहे. बाहेरून बंदूकवाला जाताना दिसला की वाचणारा एकदम ‘इति श्री’ म्हणून हात जोडायचा आणि सगळे ‘पुंडलिक वरदा’ करून उठायचे.

आ. कृ. वाघमारे यांचं ‘मराठवाडा’ साप्ताहिक त्याच काळातलं. निजामानं बंदी घातली की ते दुसऱ्या नावानं निघायचं. त्या नावावर बंदी आली की तिसऱ्या. आमचा आजचा ग्रंथपाल तेव्हा असता तर त्यानं ही सगळी स्वतंत्र नियतकालिकं म्हणून नोंदवली असती आणि तेवढ्या जोरावर वर्गोन्नतीचा अर्ज केला असता.

परभणी शहरातलं गणेश वाचनालय निजामी राजवटीतच उभं राहिलं. खेड्यांना मात्र वाट बघावी लागली. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आलं, आणि १९५५ साली हैदराबाद राज्यानं सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. मद्रासनं तो १९४८ मध्ये केला होता, त्याच्या पाठोपाठ आम्ही. मुंबई राज्याकडे तेव्हा असा कायदा नव्हता. मराठवाड्याला मागास म्हणणारा कुणी भेटला की मी हे साल त्याच्या तोंडावर फेकतो. गावात तोवर पुस्तक एकही नव्हतं ही गोष्ट वेगळी, कायदा होता. पुढच्याच वर्षी, १ नोव्हेंबर १९५६ ला, मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि आम्ही पुण्याच्या मागे रांगेत जाऊन उभे राहिलो. सबंध महाराष्ट्राला ग्रंथालयांचा कायदा मिळायला १९६७ उजाडलं.

कायदा आला तसं अनुदान आलं, आणि अनुदान आलं तशी गावोगाव वाचनाची गोडी लागली. संस्था नोंदवायला निदान सात माणसं लागतात. आमच्या गावात वाचणारी सात मिळेनात, म्हणून सही करणारी सात शोधली. अध्यक्ष, अध्यक्षांचे चुलतभाऊ, चुलतभावाचे मेहुणे असं करत करत कार्यकारिणी पूर्ण झाली. या कार्यकारिणीची वार्षिक सभा पोळ्याला जेवणावळीत होते आणि इतिवृत्त दिवाळीत लिहिलं जातं.

खरं भांडण नावावरून. देवाचं द्यावं तर गावात देव अनेक. संत जनाबाईचं द्यावं तर गंगाखेडवाले म्हणणार, ती आमची. पुढाऱ्याचं द्यावं तर पाच वर्षांनी पाटी पुन्हा रंगवावी लागणार. शेवटी ज्यांनी खोली फुकट दिली त्यांच्या वडिलांचं दिलं. ते गृहस्थ जन्मभर अंगठा उठवत आले. सातबाऱ्यावर काय लिहिलंय हे दुसऱ्याकडून वाचून घेताना त्यांची दोन एकर जमीन हातची गेली होती, असं गावात बोलतात. त्यामुळे वाचनालयाला नाव शोभतं, असं माझं मत आहे. कार्यकारिणीतल्या साती जणांपेक्षा वाचता येण्याची किंमत त्यांनाच जास्त कळली होती.

सरकारनं ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग पाडले आहेत. आमचं ‘ड’. गावातली काही पोरं या अक्षराला नापासाचा शेरा समजतात. त्यांना सांगावं लागतं की बाबांनो, ‘ड’ म्हणजे सुरुवात. सुरुवात होऊन किती वर्षं झाली ते मात्र पोरांनी विचारू नये. २०१२ नंतर ‘ड’ वर्गाला वर्षाला तीस हजार मिळायचे, त्यातले निम्मे पगाराला आणि निम्मे बाकी सगळ्याला. म्हणजे ग्रंथपालाला महिन्याला साडेबाराशे. एवढ्या पैशात आमच्याकडे कापूस वेचायला आलेलं माणूस चार दिवसांपलीकडे थांबत नाही. २०२२ मध्ये सरकारनं अनुदान साठ टक्क्यांनी वाढवलं, तेव्हा ग्रंथपालाच्या घरी गोड केलं होतं. हप्ता जमा व्हायच्या आत ते खाऊनही झालं.

तर मग ग्रंथपाल काय करतो? तो शेजारच्या खोलीत पिठाची गिरणी चालवतो. खरं म्हणजे तो गिरणीच चालवतो, आणि शेजारच्या खोलीत वाचनालय आहे. यामुळे आमच्या ग्रंथसंग्रहावर कायम ज्वारीच्या पिठाची बारीक पूड असते. पुस्तक घरी नेलं की बाई आधी ते सुपात झटकते. भिंतीवर ‘शांतता राखा’ अशी पाटी आहे. तिचं पालन फक्त वीज गेल्यावर होतं, आणि वीज गेली की अंधारात वाचता येत नाही. पण हिशेब असा की दळणाला आलेलं माणूस डबा रांगेत लावून इकडे येऊन बसतं. जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांना जी वाचक उपस्थिती दाखवली जाते, तिच्यात या दळणवाल्यांचा मोठा वाटा आहे. गिरणी बंद पडली तर तालुक्यातला वाचनसंस्कृतीचा आकडा खाली येईल.

नोंदवह्या मात्र आमच्याकडे सगळ्या आहेत. दाखल नोंदवही, देवघेव नोंदवही, सभासद नोंदवही, वाचक उपस्थिती नोंदवही, जडसंग्रह नोंदवही, कीर्द, खतावणी, शेरेबुक. संग्रहातलं सर्वांत कल्पनारम्य साहित्य कोणतं असं मला कुणी विचारलं तर मी बिनदिक्कत उपस्थिती नोंदवहीकडे बोट दाखवीन. पाडव्याच्या दिवशी, पोळ्याच्या दिवशी, गावात पूर आला त्या दिवशीसुद्धा रोज सारख्याच माणसांनी वाचन केल्याचं तिच्यात आढळतं. त्यातले एक वाचक मागच्या साली वारले. त्यांच्या वाचनात तेवढ्यानं खंड पडलेला नाही.

खरं वाचन चालतं ते वर्तमानपत्राचं. पार्सल सकाळी फाट्यावर पडतं आणि पहिला मान हॉटेलवाल्याचा, त्यामुळे वाचनालयात पोचेस्तोवर पहिल्या पानावर कपाचा गोल उमटलेला असतो. आल्याबरोबर पानं सुटी होतात. मोंढ्याचे भाव एकाकडे, निधनवार्ता दुसऱ्याकडे, नोकरीच्या जाहिराती पोरांकडे, राशिभविष्य सरपंचांकडे. कालव्याला पाणी कधी सुटणार आणि पीकविम्याचे पैसे कधी पडणार, या दोन बातम्या ज्या दिवशी असतील त्या दिवशी दुपारपर्यंत तिथे चौकोनी भोक पडलेलं असतं. कात्री कोण लावतं ते सगळ्यांना ठाऊक आहे, पण तो माणूस ती बातमी खिशात घेऊन वस्त्या-वस्त्यांवर वाचून दाखवतो, म्हणून कुणी बोलत नाही.

अग्रलेखाला गिऱ्हाईक एकच, निवृत्त गुरुजी. ते पेन्सिल घेऊन बसतात आणि ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करतात. आमच्या वाचनालयातून रद्दीत जाणारा पेपर संपादकांच्या हातून बाहेर पडला त्यापेक्षा शुद्ध असतो. आणि एक आहेत नाना. नाना पेपर डोळ्यांपुढं उभा धरतात आणि मागं घोरतात.

“नाना, पान उलटा की. घंट्यापासून एकच वाचू लालाव.”

“बारीक छापलंय रे,” नाना डोळे न उघडता सांगतात.

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण आमच्याकडे शेंबड्या पोरालाही पाठ असते. ग्रंथव्यवहाराला ती चपखल लागू पडते. पंधराव्या शतकात जर्मनीतल्या माइन्झला गुटेनबर्गनं खिळे जुळवून पुस्तक छापलं, आणि छापलेलं पुस्तक न उघडता कसं सांभाळावं हे परभणीनं दाखवून दिलं. आमच्याकडे कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाच्या योजनेतून आलेली पुस्तकं आहेत. शिक्का मारून, क्रमांक घालून ती वरच्या फळीवर गेली आणि त्यांची पानं एकमेकांना चिकटलेली तशीच आहेत. त्यात एक समुद्रशास्त्रावरचं आहे. परभणीपासून समुद्र किती लांब आहे हे कोलकात्याला ठाऊक असण्याचं कारण नाही, पण गावानं त्याचा मान राखला. दुधनेला पूर आला होता तेव्हा पहिल्यांदा तेच हलवलं.

एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम सांगितले. त्यातला पहिला असा की ग्रंथ हे वापरण्यासाठी असतात. हा नियम आमच्याइतका कुणी पाळला नसेल. एक जाड संदर्भग्रंथ वाऱ्यानं पेपर उडू नये म्हणून टेबलावर, एक खिडकीच्या झडपेला आणि एक गिरणीतल्या तराजूला पासंग म्हणून. दर १२ ऑगस्टला रंगनाथनांच्या जयंतीला ग्रंथपाल दिन होतो. त्यांच्या तसबिरीला हार घालून फोटो काढला जातो आणि हार संध्याकाळी गिरणीच्या मोटारीवर दिसतो.

वर्गीकरणाची त्यांची शिस्त मात्र आम्हाला झेपली नाही. बी. रघुनाथ हे परभणीचे थोर लेखक. बांधकाम खात्यात कारकुनी करत त्यांनी कविता, कथा, कादंबऱ्या लिहिल्या आणि ७ सप्टेंबर १९५३ ला परभणीच्या कचेरीतच, कामाच्या टेबलावर, त्यांचा अंत झाला. वय चाळीस. शहरात त्यांच्या नावानं महोत्सव होतो. आमच्या वाचनालयात त्यांचं ‘आडगावचे चौधरी’ कादंबरीच्या कपाटात सापडेना. ते निघालं शेती विभागात, सुधारित वाणांच्या पुस्तिकांमध्ये. मी ग्रंथपालाला विचारलं तर तो म्हणाला, “बी हाय म्हणून तिकडं ठिवलं. आपल्या विद्यापीठाची ती परभणी क्रांती भेंडी हाय, तसलंच कायतरी वाटलं.” गंमत अशी की त्या कपाटात ठेवल्यामुळे ती कादंबरी दोघा-तिघा शेतकऱ्यांनी नेली. एकानं परत आणून देताना तक्रार केली, की यात पेरणीचं काहीच नाही, पण गावातली माणसं बरोबर लिहिलीत.

आणि एक वाचक असा होऊन गेला की ज्याच्यापुढे आम्ही सगळे झूठ. तो सालगडी होता. आमच्याकडे गुढीपाडव्याला साल ठरतं. किती पैसे, किती पायल्या ज्वारी, कपड्यांचे किती जोड, चप्पल मालकाची का गड्याची, यावर रात्रभर बोलणी होतात. हा गडी त्यात एक कलम वाढवायचा, वाचनालयाची वर्गणी मालकानं भरायची. सभासद नोंदवहीत त्याच्या नावापुढं दर पाडव्याला नव्या मालकाची पावती आहे. त्याचं पुस्तक एकच, शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’. ग्रंथालयांचा कायदा झाला त्याच १९६७ सालची. शेतीपंपाला वीज यायची रात्री, म्हणून दारं धरायला हा रात्री रानात. एक दारं भरेपर्यंत बॅटरीच्या उजेडात वाचायचा, मग उठून पाणी वळवायचा, पुन्हा वाचायचा. एकदा पुस्तक परत आलं तेव्हा ग्रंथपालानं देवघेव नोंदवहीत शेरा मारला, तो मी माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे : ‘कर्णाचे चाक रुतले ते पान चिखलाने माखून आले.’ दंड पाच रुपये. तोही मालकाकडून वसूल झाला, कारण कलमात तसं होतं.

२०१२ साली राज्यभरातल्या ग्रंथालयांची पडताळणी करण्याचं काम सरकारनं महसूल खात्याकडे दिलं. आजवर तपासणीला पुस्तकाची माणसं यायची, आता जमीन मोजणारी आली. मंडळ अधिकारी, तलाठी, सोबत कोतवाल. त्या आठवड्यात आमच्या पंचक्रोशीत जेवढी पुस्तकं फिरली तेवढी पुन्हा कधी फिरणार नाहीत. एका गावची मोजणी संपली की टेम्पो भरून दुसऱ्या गावाला. कुणी कोणाची नेली याचा ताळमेळ अजून लागलेला नाही. तलाठ्यानं आमच्याकडचं एक पुस्तक उचललं, उलटंपालटं केलं आणि म्हणाला, “हे मी काल वरच्या गावात पाहिलंय.”

“सायब, लई चालतंय ते पुस्तक,” अध्यक्ष म्हणाले. खोटं नव्हतं. त्याच सकाळी सहा कोस चालून आलं होतं.

पडताळणीत राज्यातल्या पुष्कळ ग्रंथालयांत त्रुटी निघाल्या आणि पुढं कित्येक वर्षं नवी मान्यता आणि वर्गोन्नती बंद राहिली. त्यामुळे आमचं ‘ड’ ते ‘ड’च राहिलं. खोट्या वाचनालयांना चाप बसला हे चांगलंच झालं. वाईट एवढंच की जे खरोखर चालवत होते तेही त्याच दावणीला बांधले गेले. महिना अडीच हजारांत खोली, वीज, पेपर, पुस्तकं आणि माणूस चालवून दाखवा, असं एखाद्या तपासणी अधिकाऱ्याला सांगितलं असतं तर त्यानंही गिरणीच टाकली असती. २०१७ मध्ये सातारा जिल्ह्यातलं भिलार हे पुस्तकांचं गाव झालं. लोक गाड्या करून तिथे जातात, स्ट्रॉबेरी खातात, वाचतात. आमचं पुस्तकं असलेलं गाव आहे. स्ट्रॉबेरी येत नाही.

अलीकडे वाचनालयात गर्दी होते आणि ती खरी असते. पोलीस भरती, तलाठी भरती आणि राज्यसेवा करणारी पोरंपोरी आपापली पुस्तकं घेऊन येतात. त्यांना आमच्या ग्रंथसंग्रहाशी देणंघेणं नाही, टेबल-खुर्ची आणि पंखा हवा. जुनी मंडळी यावर नाराज आहेत, की हे कसलं वाचन. मला तसं वाटत नाही. ज्या घरात एकाच खोलीत चूल, टीव्ही आणि आजी आहे, तिथल्या मुलीला बसायला जागा मिळते हे पुरेसं आहे. या मुलींनीच ग्रामसभेत उठून मागणी केली, की दुपारी बारा ते तीन गिरणी बंद ठेवा. वाचनालयासाठी गावानं केलेली ही पहिली मागणी. ग्रंथपालानं मोठ्या मनानं लगेच होकार दिला आणि टाळ्या घेतल्या. त्या वेळात तसंही भारनियमन असतं.

आता एक विनंती. परभणी जिल्ह्यातून शिकून पुण्याला, संभाजीनगरला, हिंजवडीला गेलेल्यांपैकी कुणाच्या कपाटात आतल्या पानावर जांभळा गोल शिक्का असलेलं पुस्तक असेल, तर ते कृपा करून परत करावं. गाव कोणतं हे शिक्क्यात वाचता येईल. नाही आलं तर जवळच्या कुठल्याही ‘ड’ वर्गाला द्यावं, त्यांचं आमच्याकडे असेलच. टपालानं पाठवा, नाहीतर एसटीच्या कंडक्टरजवळ द्या, फाट्यावर उतरवून घेऊ. ‘मृत्युंजय’ असेल तर आधी पाठवा, पाडवा जवळ आला की विचारायला लोक येतात. दंड लागणार नाही, कारण दंडाची नोंदवहीच कुणीतरी घरी नेली आहे. ती तुमच्याकडे निघाली तर तीही पाठवा.